आधी आवळायचा, मग सोडवायचा

प्रश्न : मी मिरजगावचा (ता. कर्जत), पेशाने शिक्षक. थोरल्या भावाची १९९८ सालची चार सिलिंडरची मालवाहू गाडी आहे. कांदा, लिंबं, खताच्या गोण्या, विटा, जे भाडं मिळेल ते. यंदा पासिंगची तारीख जवळ आली आणि सायलेन्सर फुटलेला, शिवाय इंजिनाजवळून फटफट आवाज. मिस्त्रींनी मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा भाग) खोलायला घेतला. मला सुट्टी होती, शेजारी बसून पाहत होतो. काही गोष्टी डोक्यातून जात नाहीत. बोल्ट सोडवायचा होता, तर मिस्त्रींनी आधी तो आवळला! विचारलं तर म्हणाले, “आमचे वस्ताद असंच करायचे.” एक नट ब्लो लॅम्पने तापवला आणि त्याला चक्क मेणबत्ती टेकवली. आणि मुळात आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरने येतं, तिथे सायलेन्सरच्या बोल्टला एवढा गंज येतो कुठून? शेवटी आठपैकी सहा निघाले, दोन तुटले. तेही दोन्ही टोकांचे. हा योगायोग म्हणायचा का?

— एक वाचक, मिरजगाव

उत्तर : योगायोग नाही. पण तिथे मागून येतो. आधी गंजाचं पाहू, कारण गंज कळला की मिस्त्रींचं बाकी वागणं आपोआप उलगडतं.

तुमचा भाग पर्जन्यछायेतला. कोकणातल्या गाडीचे बोल्ट गंजले तर कुणी पत्र लिहीत नाही. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या गाडीचे गंजले तर नवल वाटतं. पण सायलेन्सरला आभाळातल्या पावसाची गरजच नसते, त्याचा पाऊस घरचा असतो. डिझेलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन असतो. हायड्रोजन जळला की त्याचं पाणी होतं. एक लिटर डिझेल पूर्ण जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. भावाची गाडी दिवसाला वीस लिटर डिझेल पीत असेल, तर टँकरवर जगणाऱ्या गावातून ती रोज वीस लिटर पाणी हवेत सोडत असते. इंजिन तापलेलं असेपर्यंत ती वाफ निघून जाते. गाडी बंद केली, पाइप निवला, की आत राहिलेल्या वाफेचे थेंब होतात. थंडीत सकाळी गाडी सुरू करताना सायलेन्सरच्या टोकातून टिपटिप पाणी पडतं, ते हेच.

हे पाणी नुसतं पाणीही नसतं. डिझेलमधलं गंधक जळून त्यात मिसळलं की ते आंबट होतं, म्हणजे सौम्य आम्ल होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडच्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत चालत असे. म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ प्रतीचं डिझेल आलं, त्यात हीच मर्यादा दहा भागांवर आली. तुमच्या गाडीने उमेदीची सगळी वर्षं जुन्या, गंधकवाल्या डिझेलवर काढली आहेत. वर खताच्या गोण्या. पोटॅश म्हणून जे खत आपण टाकतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच चुलतभाऊ. फाटक्या गोणीतली भुकटी फाळक्याच्या फटीतून खाली सायलेन्सरवर पडते, रात्रीच्या दवात विरघळते आणि समुद्रकिनारा मिरजगावात येतो.

पाण्याविना येणारा एक गंज असतो, तो वेगळाच. लोहाराच्या ऐरणीभोवती काळ्या खपल्या पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. तापलेल्या लोखंडाला हवेतला ऑक्सिजन थेट खातो, त्या खपल्या. मॅनिफोल्डमधून जाणारा धूर गाडी भरलेली असताना, चढावर, पाचशे-सहाशे अंशांपर्यंत जातो. तिथले नट रोज थोडे थोडे भाजले जातात. त्यांना वाचवायला रंग कामाचा नाही, तो जळून जातो. नगरच्या रणगाडा संग्रहालयात (स्थापना १९९४) जुने रणगाडे उघड्यावर उन्हापावसात उभे आहेत आणि तरी टिकून आहेत, कारण त्यांच्यावर रंगाचा थर चढवता येतो आणि त्यांची इंजिनं आता तापत नाहीत. सायलेन्सरचा बोल्ट दोन्ही सुखांना मुकलेला.

आता मुख्य गोष्ट. लोखंड गंजतं तेव्हा ते झिजतं असं आपण म्हणतो. खरं तर ते फुगतं. जितकं लोखंड खर्ची पडतं त्याच्या किमान दुप्पट जागा गंज घेतो. ओल धरून राहिलेला गंज त्याहून कितीतरी जास्त. घराच्या स्लॅबमधली सळई गंजली की छताचे पोपडे पडतात, ते या फुगण्यानेच. बोल्टचे आटे आणि नटाचे आटे यांच्यामध्ये जेमतेम कागदाच्या जाडीइतकी फट असते. त्या फटीत गंज फुगला की पाचर ठोकल्यासारखं होतं. मग नट चिकटलेला नसतो, कोंडलेला असतो. हा फरक नीट लक्षात घ्या. चिकटलेलं जोर लावून सुटतं. कोंडलेल्याला आधी जागा करून द्यावी लागते.

यात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं. मिस्त्रींनी आधी आवळला तो आणखी घट्ट करायला नव्हे. गंज ठिसूळ असतो, चुन्याच्या पापुद्र्यासारखा. नट कोणत्याही दिशेने केसभर हलला तरी पापुद्रा तडकतो, त्याची पूड होते, आणि त्या पुडीत तेल शिरायला वाट मिळते. मग सोडवण्याच्या दिशेनेच का हलवू नये? कारण तिकडे एक अडथळा जास्त आहे. नटाच्या बाहेर स्टडची (इंजिनात बसवलेल्या बोल्टची) जी शेपटी उघडी असते, तिच्यावर वर्षानुवर्षांचा गंज आणि काजळी बसलेली असते. नट सोडवताना तो याच शेपटीवरून चालत बाहेर यायचा असतो. आवळताना मात्र तो आतल्या, झाकलेल्या, त्यातल्या त्यात स्वच्छ आट्यांकडे सरकतो. म्हणून पहिली हालचाल आत, मग बाहेर, मग परत आत, मग थोडी अधिक बाहेर. गव्हाच्या पोत्याखाली अडकलेला दोर पुढेमागे हलवत काढतात तसं. एकदा हलायला लागला की घाई करायची नाही. अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे.

वस्तादांचं बरोबर होतं. माझी एक पुरवणी: आवळायचं ते अगदी नावापुरतं, जोर वाढवत न नेता. स्टड आधीच खाऊन बारीक झालेला असेल तर आवळतानाच तुटतो, आणि मग वस्तादांचं नाव सांगून उपयोग नसतो. शिवाय पान्याला हात लावण्याआधी तारेच्या ब्रशने ती शेपटी घासून चकचकीत करायला हवी. गॅरेजमध्ये सगळ्यांत जास्त वगळलं जाणारं काम हेच. दोन मिनिटांचं काम, पण सायलेन्सरखाली आडवं पडून डोळ्यांत गंज पडतो म्हणून कुणी करत नाही. (चष्मा घालावा. रात्री घरी जाऊन डोळा चोळत बसण्यापेक्षा स्वस्त पडतो.)

मग तेल. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रॉकेल वापरलं, आणि ते बरोबरच होतं. रॉकेल पातळ, बारीक फटीत शिरणारं. इंजिन ऑइल जाड, ते वरच बसून राहतं. बाजारात फवारणीच्या डब्यातली तेलं मिळतात. त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला जन्मलं, ॲटलास क्षेपणास्त्राच्या कवचाला गंज चढू नये म्हणून. नावातल्या इंग्रजी अक्षरांचा अर्थच ‘पाणी हटवणारं’, आणि चाळीस म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं. म्हणजे ते मूळचं पाणी हटवायला केलेलं, मुरलेले आटे सोडवायला नव्हे. सोडवण्यासाठी खास केलेली तेलं निराळी मिळतात आणि ती जास्त कामाची. पण कोणतंही तेल घ्या, खरं औषध वेळ आहे. फवारलं आणि लगेच पाना लावला, तर तेल वाया आणि बोल्टही. पासिंग सोमवारी असेल तर गुरुवारपासून सकाळ-संध्याकाळ तेल द्यायचं, मध्ये हातोडीने हलकं टकटक करायचं. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला पासिंग दरवर्षीच असतं. तारीख काही अचानक उगवत नाही.

तेल नुसतं आट्यांवर टाकून भागत नाही. नट फिरवताना लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा जोर नटाचं बूड आणि खालचा वायसर यांच्या घर्षणातच जातो. चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात. बोल्ट ताणून दोन भाग धरून ठेवण्याच्या कामी येतो तो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून तेलाची धार नटाच्या बुडाशी, चारही बाजूंनी गेली पाहिजे. आणि गरम मॅनिफोल्डवर तेल टाकायचं नाही. रॉकेल दोनशे-सव्वादोनशे अंशांच्या आसपास ठिणगी न लागताही पेट घेतं. हात टेकवता येईल इतकं निवल्यावरच.

मेणबत्तीचं आता सोपं झालं. पणतीच्या वातीत तेल आपोआप वर चढतं, कुणी ढकलत नाही. बारीक फटीत द्रव स्वतःहून खेचला जातो. मेण साठेक अंशांवर वितळतं. तापलेल्या नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवली की वितळलेलं मेण आट्यांच्या फटीत ओढलं जातं आणि तिथे वंगणाचं काम करतं. मोठी ज्योत असताना तेल फवारणं म्हणजे आगीला आमंत्रण. मेण तेवढं भडकत नाही, थोडा धूर होतो इतकंच. मेण टेकवायचं तेही ज्योत बाजूला केल्यावर आणि नटाची लाली गेल्यावर. तुमचे मिस्त्री जुन्या वळणाचे दिसतात.

तापवण्यामागचं गणित मात्र मेणाहून मोठं आहे. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलंय? लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, ती फुगते, मग लाकडी चाकावर बसवून पाणी ओतायचं, की ती आवळून बसते. नट तापवणं म्हणजे हीच धाव उलट्या अंगाने. नट फुगला की त्याचं भोक मोठं होतं. (भोक आकसतं हा गैरसमज शाळेतही आढळतो, तुम्ही शिक्षक म्हणून सांगतो.) दहा मिलिमीटरचं भोक सहाशे अंशांनी तापलं तर सुमारे सात शतांश मिलिमीटरने वाढतं. ऐकायला काहीच नाही, पण फट मुळातच कागदाएवढी. अट एकच, तापवायचा नट, आतला स्टड नव्हे. दोन्ही सारखे तापले तर दोन्ही सारखे फुगतात आणि पदरी काही पडत नाही. म्हणून ज्योत बारीक, नटाच्या पैलूंवर फिरती, आणि झटपट. ब्लो लॅम्प यात कमी पडतो, सगळा परिसर तापवत बसतो. ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते, ती काही सेकंदांत एकटा नट लाल करते. आता विजेच्या वेटोळ्याने तापवणारी यंत्रंही आली आहेत. वेटोळं नटाभोवती धरलं की नटातच वीज फिरून तो तापतो, ज्योत नाहीच. डिझेलच्या नळ्या, ब्रेकचे पाइप, वायरिंग जवळ असेल तिथे ते फार सोयीचं.

फुगण्याइतकंच निवण्यालाही महत्त्व आहे. तापवून निवू दिलं की गंजाचा थर आणि लोखंड वेगवेगळ्या मापाने आकसतात, मधली पकड तडकते. दोन-तीनदा तापवा, निववा. तापलेल्या नटावर थंड पाणी मारणारे महाभाग भेटतात. खालचा मॅनिफोल्ड बिडाचा असतो. बीड असं एकदम निववलं तर तडा जातो, आणि मग बोल्टचं दुःख विसरायला लागतं.

आता जोराविषयी, कारण तुमचे दोन बोल्ट तिथेच गेले असावेत. दहा मिलिमीटरचा बरा बोल्ट घ्या, डोक्यावर ८.८ कोरलेला. पहिल्या आठाचा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला साधारण ऐंशी किलोचा ताण आल्यावर तो तुटेल. दुसऱ्याचा, त्याच्या ऐंशी टक्क्यांवरच तो कायमचा लांबू लागेल. असा बोल्ट आवळायला किती पीळ लागतो? मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला पाच किलोचं वजन टांगा, तेवढा. आणि नट मुरलेला असेल, सगळा पीळ बोल्टच्या दांड्यावरच येत असेल, तर सात-आठ किलोंच्या आसपास तो पिळवटून तुटू शकतो. गंजून बारीक झालेला आणखी आधी. आता आपल्या गॅरेजमधलं दृश्य आठवा. पाना लावला, हलेना. पान्याला मीटरभर पाइप घातला. त्यावर एक पोरगा लोंबकळला. त्याचं निम्मं वजन धरलं तरी पंचवीस किलो. बोल्ट तुटला नाही तरच आश्चर्य.

पाइप लावूच नये असं नाही. पण हाताला ऐकू आलं पाहिजे. सुटणारा नट बोलतो: कर्र करून झटका देतो, मग थांबतो, पुन्हा कर्र. तुटणारा बोल्ट गप्प असतो. पाना मऊ मऊ फिरतो, रबर पिळल्यासारखा, आवाज नाही. आपल्याला वाटतं, चला, सुटला! तो सुटत नसतो, आतला दांडा पिळला जात असतो. हा मऊपणा जाणवला की त्या क्षणी थांबायचं, उलट फिरवायचं, पुन्हा तेल, पुन्हा जाळ. माझ्या हातून तुटलेले बोल्ट मोजायला गेलो तर बहुतेक सगळे या ‘चला, सुटला’ने तुटलेले निघतील.

पान्याबद्दल एक. आपल्याकडे जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात, इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. पेटीत इंची आणि मिलिमीटरचे पाने एकत्र नांदतात. एकोणीसचा आणि पाऊण इंची, म्हणजे सहा सुती, पाना एकमेकांच्या जागी चालून जातो. फरक पाच शतांशाचा. पण सतराच्या नटाला अकरा सोळांश इंची पाना लावला तर जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई राहते. साध्या नटाला चालेल. मुरलेल्या नटाचे कोपरे तो गोल करून टाकतो, आणि हात निसटून बोटांची सालटी निघतात ती वेगळीच. गोटी (सॉकेट) वापरायची ती सहा कोनी. बारा कोनी गोटी कोपऱ्यांवरच जोर देते. गंजाने पैलू झिजले असतील तर एक माप लहान गोटी हातोड्याने ठोकून बसवायची.

आणि गाडीखाली शिरताना जॅकवर भरवसा नको, घोड्या लावा, चाकांना उटी द्या. पाइपला झटका देताना आपण गाडी आडवी हलवत असतो, हे खाली झोपलेल्याच्या लक्षात राहत नाही.

आता ते दोन टोकाचे. मॅनिफोल्ड सुमारे अर्धा मीटर लांब. तो पाचशे अंशांनी तापला की लांबीत पावणेतीन मिलिमीटर वाढतो. इंजिनाच्या ज्या हेडवर तो बसवलाय ते हेड पाण्याने थंड होतं, शंभर अंशांच्या आसपास राहतं, त्याची वाढ अर्ध्या मिलिमीटरलाही पोचत नाही. म्हणजे गाडी तापली की मॅनिफोल्ड दोन्ही बाजूंना पसरू पाहतो, हेड जागचं हलत नाही. मधल्या स्टडांना याची फारशी झळ नाही. टोकांचे स्टड मात्र प्रत्येक खेपेला बाहेरच्या दिशेने ढकलले जातात आणि निवल्यावर परत ओढले जातात. जड गोणी रोज उचलून ठेवणाऱ्या माणसाची कंबर जशी जाते, तसे ते आतून थकतात. पंचवीसहून जास्त वर्षं हे चाललंय. तुमच्या मिस्त्रींनी ते तोडले असं म्हणणं कदाचित अन्यायाचं होईल. ते अर्धे तुटलेलेच असतील. तुटलेलं तोंड पाहिलंत का? अर्धा भाग काळा आणि अर्धा ताजा चकचकीत असेल, तर काळा भाग जुन्या तड्याचा. ती फटफट तिथूनच येत असणार.

या कारणानेच कारखान्यात मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा मोठी ठेवतात, सरकायला वाव म्हणून. काजळी आणि गंजाने ती भोकं भरली की वाव संपतो. मॅनिफोल्ड काढलाच आहे तर भोकं घासून मोकळी करून घ्या. जुनं पॅकिंग खरवडताना मात्र ते ओलं करून हाताने काढा, ग्राइंडर लावू नका. त्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसात गेलेली परत येत नाही.

तुटलेल्यांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण भाऊ विचारेलच. इथे माझं एक ठाम मत आहे. सायलेन्सरच्या सगळ्या बोल्टांना एका मापाने मोजू नये. खाली पाइपाला पाइप जोडणारे, आरपार गेलेले नट-बोल्ट असतात. त्यांच्यावर तेल, मेण, चार दिवस घालवू नका. ग्राइंडरने कापा किंवा छिन्नीने नट फोडा, नवे बोल्ट थोडक्या पैशांत येतात. तिथे धीर धरणारा मिस्त्री मला आळशी वाटतो. सगळा धीर राखून ठेवायचा तो हेडमध्ये आटे पाडून बसवलेल्या स्टडसाठी. कारण तो आत तुटला तर खर्च बोल्टचा नसतो, हेडचा असतो.

मॅनिफोल्ड निघाल्यावर तुटक्या स्टडचं थोडं जरी डोकं बाहेर असेल, तर त्याच्यावर एक नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंगने दोन्ही जोडून टाकायचे. वेल्डिंगने पकडायला डोकं मिळतं आणि स्टड आतून तापतो. लाली जाईपर्यंत थांबून, पुढेमागे करत काढला तर बहुतेक वेळा येतो. बॅटरीची वायर आधी काढा. पृष्ठभागाच्या बरोबरीने तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून बारीक बिटपासून चढत्या क्रमाने भोक पाडत जायचं. दहाच्या स्टडसाठी साडेआठपर्यंत, आठच्यासाठी सहा पूर्णांक आठपर्यंत, मग टॅप फिरवून आटे साफ. पंच मधोमध बसला नाही तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून घाई इथेही नको.

उलट्या आट्यांचा तो ‘इझी आउट’ मिळतो त्यावर मात्र माझा राग आहे. नाव सोपं, काम अवघड. जो स्टड आख्ख्या पान्याने हलला नाही तो या बारीक पिळाच्या काडीने का हलावा? ती टणक पोलादाची असते, तुटते ती भोकातच, आणि मग तिच्यावर बिटही चालत नाही. एकदा मी दहा रुपयांच्या स्टडसाठी अशी काडी मोडून बसलो आणि हेड उतरवून ठिणगीने धातू कोरणाऱ्या यंत्रावर न्यावं लागलं. घरात बरेच दिवस तो विषय कुणी काढला नाही.

नवे बोल्ट घेताना दुकानदार चांदीसारखे चकचकीत देईल, जस्ताचा मुलामा दिलेले. खाली मागच्या पाइपाला चालतील. मॅनिफोल्डला नकोत, जस्त ४१९ अंशांवर वितळतं. आत नायलॉनचं कडं असलेला नट सैल होत नाही म्हणतात. नायलॉन अडीचशे अंशांच्या आसपास पाणी होतं, तोही नको. स्टेनलेसला गंज कमी, पण स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडाच आवळला तर दोन्हींचे आटे एकमेकांत रुततात आणि आज जे गंजाने झालं ते उद्या गंजाविना होईल. सरळ चांगल्या प्रतीचे पोलादी स्टड, त्यावर पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले नट. पितळ पोलादाशी गंजून एकजीव होत नाही. पुढच्या वेळी गेलंच तर नट जाईल, स्टड वाचेल. आट्यांना तांब्याचं ग्रीस लावा. त्यातलं तेल जळून जातं, तांब्याची भुकटी मागे राहते, आणि तीच फटीत गंजाची जागा अडवून बसते. हे ग्रीस लावल्यावर घर्षण कमी होतं, म्हणून नेहमीपेक्षा थोडा हलकाच हात ठेवायचा.

आवळताना मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत. नवं पॅकिंग पहिल्या तापण्यात दबतं. तेव्हा पहिलं भाडं, समजा नेप्तीच्या कांदा मार्केटला, टाकून गाडी परत आली की रात्रभर निवू द्या, आणि सकाळी आठही नटांवरून एकदा पाना फिरवा. सैल सापडले तर ते टोकांचेच असतील.